रेल्वेच्या दीडशे वर्षांचं शंभर रुपयांचं नाणं: घेताना, तपासताना, जपताना

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरची वाट. या घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २००३ साली, भारत सरकारनं दोन स्मारक नाणी काढली: एक १०० रुपयांचं, चांदीच्या मिश्रधातूचं, दुसरं २ रुपयांचं, तांबं-निकेलचं. मुंबई-ठाण्याच्या माणसाला नाणी जमवायची हौस लागली की हे शंभराचं नाणं त्याच्या यादीत लवकर येतं, आणि ते साहजिकच आहे. मात्र नवख्या माणसाची फसगतही याच नाण्यात सहज होते. त्याला सगळे ‘चांदीचं नाणं’ म्हणतात, पण त्यात चांदी निम्मीच आहे. ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरली की भाव कसा लावायचा, खरं-खोटं कसं पाहायचं आणि कपाटात कसं ठेवायचं, या तिन्हींची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

आधी नाणं ओळखा

वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर. धातू: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. भारताची शंभर रुपयांची चांदीची स्मारक नाणी वर्षानुवर्षं याच चार धातूंच्या मिश्रणात पाडली गेली आहेत. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, भारत हे नाव आणि मूल्य. दुसऱ्या बाजूला रेल्वेचं स्मारकचित्र. किनारीवर सारख्या अंतराच्या उभ्या खाचा. या मापाच्या नाण्यांच्या सरकारी अधिसूचनांत २०० खाचा लिहिलेल्या असतात. ४४ मिलिमीटर व्यासाचा परीघ सुमारे १३८ मिलिमीटर येतो, म्हणजे दर सेंटिमीटरला साधारण १४ ते १५ खाचा. भिंगाखाली एका सेंटिमीटरातल्या मोजल्या तरी पुरे.

जोडीचं २ रुपयांचं नाणं अकरा बाजूंचं, २६ मिलिमीटरचं, ६ ग्रॅमचं. त्यावर हातात कंदील घेतलेला हत्ती आहे. तो भोलू, रेल्वेचा गार्ड. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं त्याला घडवलं आणि १६ एप्रिल २००२ रोजी बंगळुरूत त्यानं कर्नाटक एक्स्प्रेसला हिरवा कंदील दाखवला. वर्षभरासाठी आणलेला हा हत्ती पुढं रेल्वेनं कायमचाच ठेवून घेतला. भोलूचं २ रुपयांचं नाणं चलनातही आलं होतं, त्यामुळं ते सुट्या पैशांत सापडू शकतं. शंभराचं मात्र कधीच बाजारात फिरलं नाही. ते टांकसाळीकडून संग्राहकांना विकलं गेलं.

जाहिरातीत ‘भारतातील पहिली रेल्वे’ असं लिहिलेलं दिसेल. नेमका शब्द ‘पहिली प्रवासी गाडी’ असा आहे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ साली आणि रुडकीला १८५१ साली मालवाहतुकीचे रूळ पडले होते. विक्रेत्याला एवढं ठाऊक नसेल तर बिघडत नाही, पण आपल्या नोंदवहीत ते बरोबर लिहावं.

हे नाणं म्हणून काय-काय विकलं जातं

पहिला प्रकार सराफी पदकांचा. ९९.९ टक्के चांदीची १०, २० किंवा ५० ग्रॅमची चकती, त्यावर वाफेचं इंजिन. ती चांदी खरी असेल, पण ते नाणं नाही. रुपयांत मूल्य छापलेलं नाही, अशोकस्तंभ नाही, म्हणजे पदक. भेट द्यायला छान. नाण्याच्या भावानं मात्र घेऊ नये.

दुसरा प्रकार जास्त वाईट: ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं, ‘१८५३’ साल आणि आगगाडी कोरलेलं ‘दुर्मिळ’ नाणं. आगगाडीचं चित्र असलेला कंपनीचा रुपया कधी निघालाच नाही. त्या दुपारी बोरीबंदरला जमलेल्यांच्या खिशात जे रुपये असतील त्यांत व्हिक्टोरिया राणीचा, १८४० साल लिहिलेला रुपया नक्की असणार. ते साल कायम ठेवून तो १८६२ पर्यंत पाडला जात होता. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. पहिल्या गाडीच्या काळातलं खरं नाणं संग्रहात हवं असेल तर हा रुपया शोधावा, तो अजून सहज मिळतो. शंभराच्या नाण्याशेजारी तो ठेवला की संग्रहाला अर्थ येतो.

तिसरा दावा ‘१९५३च्या रेल्वे शताब्दीचं सरकारी नाणं’. १९५३ साली शताब्दीचं टपाल तिकीट निघालं, २ आण्यांचं. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ सालचं, पंडित नेहरूंचं. त्यामुळं १९५३ची कुठलीही धातूची चकती म्हणजे फार तर पदक.

प्रूफ की यूएनसी

टांकसाळ अशी नाणी दोन प्रतींत विकते. प्रूफ नाणं चकचकीत केलेल्या साच्यांनी, खास तयार केलेल्या चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडतात. सपाट भाग आरशासारखा आणि चित्र दुधाळ, पांढुरकं दिसतं. यूएनसी म्हणजे न वापरलेलं नाणं. त्याला झळाळी असते, पण आरसा नसतो, आणि थैलीत एकमेकांवर आपटल्याचे बारीक ओरखडे चालतात. भावात फरक मोठा, म्हणून घासूनपुसून चमकवलेलं यूएनसी नाणं ‘प्रूफ’ म्हणून पुढं केलं जातं.

ओळखायची रीत अशी. दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. खऱ्या प्रूफच्या सपाट भागात छापील मजकूर स्पष्ट वाचता येईल असं प्रतिबिंब दिसतं. यूएनसी नाण्यात प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. पॉलिश केलेल्या नाण्यात यांपैकी काहीच होत नाही. चमक सगळीकडे सारखी, चित्रावरही, आणि भिंगातून एकाच दिशेच्या शेकडो रेघा दिसतात.

सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह पाहा. मुंबईचं यूएनसी असेल तर पत्त्यांतल्यासारखी चौकट, मुंबईचं प्रूफ असेल तर इंग्रजी ‘एम’ हे अक्षर. हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याचं चिन्हच नाही. पेटीवर छापलेली टांकसाळ आणि नाण्यावरचं चिन्ह जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर एका संचाचं नाणं दुसऱ्याच्या पेटीत घातलं आहे.

पेटीबद्दल आणखी एक. टांकसाळी ज्या महामंडळाखाली आल्या ते एसपीएमसीआयएल २००६ साली स्थापन झालं. २००३च्या संचाच्या पेटीवर त्याचं नाव दिसलं तर पेटी नंतरची आहे. नाणं खोटं असेलच असं नाही, पण ‘मूळ पेटीसह’ म्हणून जादा पैसे द्यायचं कारण उरत नाही.

भाव कसा काढायचा

३५ ग्रॅमचे निम्मे १७.५ ग्रॅम. एवढीच चांदी. जुन्या मापानं बरोबर दीड तोळा. (आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो, म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करा.) चांदीचा किलोचा त्या दिवसाचा भाव घ्या आणि ०.०१७५ नं गुणा. समजा भाव किलोला १ लाख रुपये असेल, तर नाण्यात १,७५० रुपयांची चांदी. हा तळ झाला. त्यावरचं सगळं संग्रहमूल्य: प्रूफ आहे का, जोडीचं २ रुपयांचं नाणं आहे का, पेटी आणि माहितीपत्रक आहे का, डाग किती.

नवखे लोक इथं ३५ ग्रॅम पूर्ण चांदी धरतात आणि ‘चांदीच्याच भावात मिळालं’ म्हणून खूश होतात. प्रत्यक्षात त्यांनी चांदीच्या दुप्पट दिलेले असतात. काही विक्रेते ‘३५ ग्रॅम सिल्व्हर कॉइन’ एवढंच लिहून थांबतात. वजन खरं, शब्द खरे, समज मात्र चुकीची होते.

मोडीत काढायचा विचार मनात आणू नका. २०११च्या नाणे कायद्यानं सरकारी नाणं वितळवायला बंदी आहे. शिवाय अशा मिश्रधातूतून चांदी वेगळी काढायला सराफ घट आणि मजुरी कापणारच.

२ रुपयांचा भोलू लाखोंना जातो अशा जाहिराती फिरतात. वापरलेलं नाणं मुळीच दुर्मिळ नाही. ‘तुमचं नाणं विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशाराच दिला होता: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही.

खरं-खोटं तपासणं

सामान थोडं लागतं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, डिजिटल कॅलिपर, दहापट भिंग, छोटं पण जोरदार निओडिमियम चुंबक आणि सुती हातमोजे. काट्यासोबत प्रमाण वजन घ्या आणि दर वेळी आधी ते ठेवून पाहा. बॅटरी उतरलेला काटा अर्धा ग्रॅम सहज खातो.

नाणं कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या पारदर्शक कडक डबीतून, काढता येत असेल तरच वजन करा. ३५ ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमहून अधिक फरक पडला तर तिथंच थांबा. कॅलिपरच्या जबड्यांना कागदाची पट्टी लावा, नाहीतर किनारीला ओरखडा तुम्हीच पाडाल. मग बाजू बदलून पाहा: नाणं उभ्या अक्षावर पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की मागचं चित्र सरळ दिसायला हवं.

चुंबकाला नाणं चिकटता कामा नये. चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला. पण न चिकटणं हा पुरावा नाही. तांबं-निकेल, पितळ, जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाच चुंबक ओढत नाही. तिरप्या नाण्यावरून चुंबक हळू घसरतं किंवा बर्फ पटकन वितळतो, हे प्रयोग शुद्ध चांदीसाठी आहेत. निम्मी चांदी असलेल्या धातूवर त्यांचा निकाल धड लागत नाही आणि खरं नाणं उगाच खोटं ठरतं. आपटून आवाज ऐकणं तर करूच नका.

खात्रीची घरगुती परीक्षा पाण्यातल्या वजनाची आहे. ती यूएनसी नाण्यावरच करा. प्रूफवर दोऱ्याचा घासा आणि पाण्याचा डाग राहतो.

१. काचेच्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. काट्याची क्षमता पाणी आणि पेल्याच्या एकूण वजनाहून जास्त हवी, म्हणून पेला लहानच घ्या.

२. बारीक नायलॉन दोऱ्याच्या फासात नाणं अडकवा आणि पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काचेला ते टेकता कामा नये.

३. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच हलवून काढा. एक मोठा बुडबुडासुद्धा उत्तर फिरवतो.

४. काट्यावर आलेला आकडा म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेलं पाणी, ग्रॅममध्ये.

खऱ्या नाण्यासाठी हा आकडा ३.६५ च्या आसपास येतो; ३.६ ते ३.७५ मध्ये असेल तर समाधान माना. हे गणित धातूंच्या घनतेवरूनच निघतं: या मिश्रणाची घनता साधारण ९.५, त्यामुळं ३५ ग्रॅमला जागा लागते ३.६७ घनसेंटिमीटर. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल ३.९ दाखवेल, चांदीचा मुलामा दिलेलं पितळ ४.१ च्या पुढं जाईल. ९२.५ टक्के चांदीचं पदक ३.४ च्या आत राहील, म्हणजे जास्त चांदी असूनही ते हे नाणं नाही. दोऱ्याचा वरचा भाग पाण्यात जास्त बुडला किंवा नाणं तळाला टेकलं तर आकडा फुगतो. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

हलक्या धातूच्या नक्कलकाराला ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटर दोन्ही साधायचं असेल, तर त्याला नाणं जाड करावं लागतं. खऱ्याची सरासरी जाडी हिशेबानं २.४ मिलिमीटर येते, काठ उचललेला असल्यानं कॅलिपर थोडी जास्त दाखवेल. म्हणून शक्य असेल तेव्हा त्याच मापाचं दुसरं खरं शंभराचं नाणं शेजारी ठेवून जाडी ताडा. भिंगातून ओतीव नकलेची खूणही दिसते: सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांचे काठ गोलसर, किनारीवर सांध्याची रेघ.

सराफाकडं कॅरेट तपासायचं एक्स-रे यंत्र असेल तर जरूर वापरा, मात्र निकाल वाचायला शिका. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. चकती पाडण्याआधी तापवून आम्लात धुतात, त्यात वरच्या थरातलं तांबं कमी होतं आणि चांदी वर राहते. त्यामुळं खऱ्या नाण्यावरही चांदी ५० टक्क्यांहून जास्त दिसू शकते. निकेल आणि जस्त सापडतात का ते पाहा. दोन्ही शून्य असतील तर संशय घ्या. कसोटीच्या दगडावर नाणं घासायला कुणालाही देऊ नका. एक रेघ आणि प्रूफची किंमत गेली.

नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या छायाचित्राशी आपलं नाणं जुळवा. डब्याही नकली मिळतात.

घरी आणल्यावर

धुऊ नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, सराफाचं पॉलिश, यांतलं काहीही नको. देव्हाऱ्यातल्या चांदीला जे चालतं ते इथं चालत नाही. नाण्यावरचा पांढरा, चांदीने भरलेला थर पातळ असतो. तो घासला गेला की खालचं तांबं लालसर डोकावतं आणि ते परत झाकता येत नाही. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलं तरी हेच होतं, फक्त हळू.

काळसर-सोनेरी छटा म्हणजे गंधकाशी झालेली क्रिया. ती सारखी पसरली असेल तर राहू द्या, अनेकांना ती आवडतेही. हिरवट, चिकट थर मात्र वेगळा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटातून तेल आणि क्लोराइड सुटतात आणि आधी तांब्याला धरतात, आणि इथं तांबं ४० टक्के आहे. असा थर दिसला तर शुद्ध ॲसिटोन आणा. नखांचा रंग काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं ५ मिनिटं बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळा, किनारीवर धरून उचला आणि आपोआप वाळू द्या. पुसायचं नाही. खिडकी उघडी, जवळपास शेगडी किंवा निरांजन नको, कारण ॲसिटोन चटकन पेटतं.

ठेवायला ४४ मिलिमीटरची कडक ॲक्रिलिक कॅप्सूल घ्या. ४५ची घेतली तर नाणं आत खुळखुळतं आणि किनार झिजते. पाकीट हवं असेल तर पॉलिएस्टरचं. मूळ पेटीचा मखमली कप्पा दिसायला सुंदर, पण त्यातला गोंद आणि रंग नाण्यावर चढतात. पेटी वेगळी जपा, नाणं कॅप्सूलमध्ये ठेवा. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि डांबराच्या गोळ्या त्याच्या आसपास नकोत.

मुंबई, कोकण, गोवा इथं खरा शत्रू पावसाळा. हवाबंद डब्यात कॅप्सूलसोबत सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या टाका. एक लिटरच्या डब्याला तेवढ्या पुरतात. जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीतलं कपाट टाळा.

प्रवासाचं एक सांगायला हवं, कारण परदेशी राहणारे बरेच जण सुट्टीत येऊन नाणी घेऊन जातात. २००३चं नाणं पुरावस्तू नाही. पण शेजारी ठेवायला घेतलेला व्हिक्टोरियाचा रुपया शंभर वर्षांहून जुना आहे, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवानगीशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही. तो इथंच, घरच्यांकडं ठेवावा.

नोंदवहीत घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम, त्या दिवसाचा चांदीचा भाव, वजन, टांकसाळीचं चिन्ह आणि दोन्ही बाजूंचे फोटो असू द्या. वर्षातून एकदा नाणं कॅप्सूलसकट बाहेर काढून त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो घ्या आणि जुन्या फोटोशी ताडा. डाग वाढतोय का ते डोळ्यांपेक्षा फोटोत आधी कळतं. १६ एप्रिल ही तारीख त्यासाठी उत्तम. लक्षात राहते, हवा अजून कोरडी असते, आणि पाऊस येण्याआधी सिलिका जेल बदलून होतं.